लॉकरची दुसरी किल्ली

मागच्या महिन्यात दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार भाऊ आमच्याकडे आले, हातात कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात धाकट्या भावाचा फोन. धाकटा अटॅकने गेला, ऐन छाटणीच्या दिवसात. बागेचा सगळा व्यवहार तोच बघायचा, म्हणजे गेल्या सीझनला व्यापाऱ्याने किती माल उचलला, काय भावाने उचलला, रोख किती दिले, बाकी किती, याचा कुठं कागद नाही काही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर आणि त्यातलं निम्मं व्हॉइस नोटमध्ये. व्यापारी आता म्हणतोय माझ्याकडे बाकी एवढी नव्हतीच. आणि फोनला पॅटर्न.

घरातल्या पोरांनी दोन रात्री पॅटर्न मारून बघितले. मग एका मोबाइलच्या दुकानात नेला, तिथं त्यांना सांगितलं की हार्ड रिसेट मारून देतो, दहा मिनिटांत लॉक निघून जाईल, तीनशे रुपये. धाकट्याची बायको, वहिनी, सोबत होती, तिने विचारलं की आतलं राहील ना, तेव्हा तो पोरगा जरा अडखळला आणि तेवढ्यावर ती फोन उचलून बाहेर आली. त्या बाईने तो एक प्रश्न विचारला नसता तर पुढचं काहीच लिहायला उरलं नसतं.

भाऊंनी मला विचारलं ते असं, "टीव्हीवर तर दाखवतात पोलिसांनी फोन उघडला, सगळं काढलं. मग ते मशीन तुमच्याकडं नाही का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला आमची छोटी लॅब आहे, डेटा रिकव्हरी हे रोजचं काम आणि वकिलांकडून कधी कधी फॉरेन्सिक इमेजिंगचं, म्हणजे पुराव्यासाठी हुबेहूब कॉपी काढायचं, येतं. पोलिसांच्या केसेस आमच्याकडे नसतात, त्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. पण प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर नीट द्यायचं तर अर्धा तास लागतो, म्हणून एकदा इथे लिहूनच टाकतोय.

पहिली गोष्ट, एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असं डेटाला लावलेलं कुलूप, कोणी फोडत नाही. एईएस नावाचं जे गणित फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये वापरतात ते फोडायचं मशीन जगात कोणाकडे असल्याचं आजवर दिसलेलं नाही. १२८ बिटची किल्ली म्हणजे दोनचा १२८ वा घात इतक्या शक्यता, ३९ आकडी संख्या, जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी ते मोजून संपणार नाही. मग बातम्यांमध्ये जे फोन उघडतात ते कसे उघडतात? तर किल्ली जिथे ठेवलीये त्या जागेत भोक सापडतं. माझ्या या धंद्यातलं निम्मं ज्ञान एवढ्या एका वाक्यात आहे.

बँकेच्या लॉकरचं डोळ्यासमोर आणा. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक बँकेची. तुमची किल्ली चोरीला गेली तरी चोराला बँकेत यावंच लागतं, आणि बँकेतला माणूस तुमच्या किल्लीशिवाय एकटा उघडू शकत नाही. आजच्या फोनचं अगदी तसंच आहे. तुमचा पिन किंवा पॅटर्न ही तुमची किल्ली, आणि चिप बनवतानाच तिच्यात कायमचा कोरलेला एक गुप्त आकडा ही बँकेची. तो आकडा चिपच्या बाहेर कधीच वाचता येत नाही, चिपला फक्त म्हणता येतं की हा पिन घे, तुझ्या आकड्यात मिसळ आणि बघ उघडतंय का. म्हणून फोनचा मेमरी चिप काढून, म्हणजे आम्ही ज्याला चिप-ऑफ म्हणतो ते करून, दुसऱ्या मशीनवर वाचला तरी हातात नुसता कचरा येतो. लॉकर भिंतीतून उपटून घरी आणला पण बँकेची किल्ली बँकेतच राहिली. दहाबारा वर्षांपूर्वी चिप-ऑफ हे आमचं ब्रह्मास्त्र होतं, पाण्यात पडलेला, गाडीखाली आलेला फोन, गरम हवेने चिप सोडवली की फोटो बाहेर. आज नवीन फोनवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आता पिन तर चारच आकडी असतो, दहा हजार शक्यता, सगळ्या टाकून बघायला काय हरकत? इथे दुसरं कुलूप लागतं. आयफोनमध्ये एक पिन तपासायला मुद्दाम साधारण ८० मिलिसेकंद लागतील असं गणित ठेवलेलं आहे. हिशोब करा, दहा हजार पिनला ८०० सेकंद, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. सहा आकडी पिन असेल तर २२ तास. म्हणजे नुसत्या या वेळेवर भागत नाही, म्हणून आत एक वेगळा छोटा प्रोसेसर बसवलाय, सिक्युर एन्क्लेव्ह, २०१३ च्या आयफोन ५एस पासून. तो चुकीचे प्रयत्न मोजतो, काही चुकांनंतर जास्त जास्त वेळ थांबवतो आणि सेटिंग चालू असेल तर दहाव्या चुकीला किल्लीच पुसून टाकतो. त्या आधीच्या फोनमध्ये हा राखणदार नव्हता. अमेरिकेतलं सॅन बर्नार्डिनोचं प्रकरण ऐकलं असेल, डिसेंबर २०१५ चा गोळीबार, आणि २०१६ मध्ये हल्लेखोराचा फोन उघडण्यावरून एफबीआय विरुद्ध ॲपल कोर्टात. तो फोन आयफोन ५सी होता, म्हणजे जुन्या चिपचा, राखणदार नसलेला. एफबीआयने शेवटी बाहेरच्या लोकांकडून उघडून घेतला आणि केस सोडून दिली. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या सर्गेई स्कोरोबोगाटोव्ह या संशोधकाने दाखवलं की ५सी चा मेमरी चिप काढून त्याची कॉपी करायची, काही पिन टाकून बघायचे, चुका मोजणारा आकडा वाढला की जुनी कॉपी परत टाकायची, फोनला वाटतं अजून एकही चूक झालेली नाही. किती साधी गोष्ट आहे बघा, पण ती करायला सोल्डरिंगचा हात कसला लागतो ते मला विचारा.

मग भोकं कसली असतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं भोक म्हणजे बूटरॉमचं. फोन चालू केला की सगळ्यात आधी जो कोड चालतो तो चिपमध्येच पक्का छापलेला असतो, कंपनीला स्वतःलाही तो नंतर बदलता येत नाही. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून नोट छापून बाजारात गेली की नंतर चूक सापडली तरी लोकांच्या खिशातली नोट दुरुस्त करता येत नाही, तसंच. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲक्सिओमएक्स या नावाने लिहिणाऱ्या एका संशोधकाने चेकमेट नावाचं असंच भोक जाहीर केलं, यूएसबीच्या कोडमध्ये सोडून दिलेली मेमरी परत वापरली जाण्याची चूक, आणि ते आयफोन ४एस पासून आयफोन एक्स पर्यंत सगळ्यांना लागू. सॉफ्टवेअर अपडेटने बंद होणार नाही, कधीच नाही. जगभरच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये त्या आठवड्यात दिवाळी झाली असणार. पण त्यातही एक गोष्ट लोक विसरतात, चेकमेटने सिक्युर एन्क्लेव्ह फुटत नाही. म्हणजे बँकेच्या दरवाजातून आत जाता आलं, मॅनेजरच्या खुर्चीवर बसता आलं, पण लॉकरची तुमची किल्ली अजून लागतेच. पिन माहीत नसेल तर थोडंफार वरवरचं मिळतं, फोटो आणि चॅट नाही. ज्या जुन्या फोनमध्ये एन्क्लेव्हच नाही तिथे मात्र ते वर सांगितलेले तेरा-चौदा मिनिटं आणि बावीस तास खरे होतात.

अँड्रॉइडमध्ये तर इतक्या कंपन्या, इतक्या चिप की प्रत्येक फोन वेगळी गोष्ट. बऱ्याच जुन्या मीडियाटेक चिपमध्ये बूटरॉमचीच भोकं आहेत, क्वालकॉमच्या फोनमध्ये इमर्जन्सी डाउनलोड मोड असतो जो मुळात सर्व्हिस सेंटरसाठी ठेवलेला दरवाजा आहे. दिंडोरीचा फोन याच जातीचा निघाला, २०१७ मधला स्वस्तातला फोन. आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे कारण ती मला स्वतःला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी वाटली नव्हती. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये आख्खी डिस्क एन्क्रिप्ट व्हायची, पण फोन चालू होतानाच पिन मागायचं जे सेटिंग होतं, ते बहुतेक लोक चालू करायचे नाहीत, कारण मग रात्री फोन आपोआप रिस्टार्ट झाला तर सकाळचा अलार्म वाजत नाही. ते सेटिंग बंद असेल तर डिस्कची किल्ली कशाने झाकलेली असायची? डिफॉल्ट पासवर्ड या शब्दांनी. अक्षरशः तेच इंग्रजी शब्द, मध्ये अंडरस्कोर, सगळी लहान अक्षरं. म्हणजे स्क्रीनवरचा पॅटर्न दिसायला होता, पण डेटाच्या किल्लीशी त्याचा काही संबंधच नव्हता. लॉकरला तुमची किल्ली लावलीच नव्हती, फक्त बँकेची होती, आणि बँकेत शिरायला बूटरॉमचं भोक होतं.

नंतर गूगलने पद्धत बदलली, फाइल-फाइलला वेगळी किल्ली आली अँड्रॉइड ७ पासून, आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनना ती सक्तीचीच झाली. आता पॅटर्न टाकल्याशिवाय तुमच्या फायलींच्या किल्ल्या जन्मालाच येत नाहीत. चांगलं झालं. माझं काम अवघड झालं पण चांगलं झालं, हे मी मनापासून म्हणतोय, पुढे सांगतो का.

लॅपटॉपचं थोडक्यात, कारण अंबडच्या कारखान्यांमधून हे खूप येतं. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे आख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय, आजकाल बऱ्याच नवीन लॅपटॉपवर आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताच नसतो, मग मदरबोर्ड जळतो आणि दुरुस्तीवाला एसएसडी, म्हणजे डेटा असलेली डिस्क, दुसऱ्या मशीनला लावतो तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. किल्ली टीपीएम नावाच्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये होती, बोर्डासोबत गेली. अशा वेळी मी पहिलं काम हे करतो की मालकाला बसवून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये लॉगिन करायला लावतो, बऱ्याचदा की तिथे पडलेली असते. यात हॅकिंग काही नाही, पण दहातल्या निम्म्या केस तिथेच सुटतात. बोर्ड जिवंत असेल तर वेगळी गोष्ट, टीपीएम वेगळी चिप असेल आणि पिन लावलेला नसेल तर चालू होताना किल्ली टीपीएममधून प्रोसेसरकडे बोर्डावरच्या तारांवरून उघडी जाते, कुणी कान लावला तर ऐकू येते. २०१९ पासून लोक हे दाखवत आलेत, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका जर्मन हार्डवेअर संशोधकाने रास्पबेरी पाय पिको, म्हणजे चार डॉलरचा बोर्ड, वापरून एका जुन्या लेनोव्हो लॅपटॉपची किल्ली ४३ सेकंदांच्या आत काढून दाखवली. ज्यांच्या लॅपटॉपवर कंपनीची डिझाइनं आहेत त्यांनी बिटलॉकरला पिन लावा, एवढं कराच.

रॅमचं एक राहिलं. बंद केल्यावर रॅममधलं सगळं लगेच पुसलं जातं असं आपण शाळेत शिकलो. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी दाखवलं की तसं नाही, काही सेकंद राहतं, आणि कीबोर्ड साफ करायच्या हवेचा कॅन उलटा धरून फवारून चिप उणे ५० अंशांपर्यंत गार केली तर मिनिटंच्या मिनिटं राहतं, आणि त्यात डिस्कची किल्ली असते. द्रव नायट्रोजनमध्ये ठेवली तर तासाभरानेही जवळजवळ सगळं शाबूत. आपल्याकडे गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलला नायट्रोजनचं कंटेनर बांधून फिरतात ना, तेच नायट्रोजन. मी हे काम कधी केलेलं नाही, आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. पण ते वाचल्यापासून चालू असलेलं मशीन मी चुकूनही पटकन बंद करत नाही.

आणि फोनचंही तेच, उलट फोनचं जास्त. आमच्या भाषेत दोन अवस्था असतात, पहिल्या अनलॉकच्या आधी आणि पहिल्या अनलॉकनंतर. फोन रिस्टार्ट झाल्यावर एकदा तरी पिन टाकलेला असेल तर पुढे स्क्रीन लॉक असली तरी बऱ्याच किल्ल्या मेमरीत हजर असतात, म्हणून टूल्सना काहीतरी संधी असते. फोन बंद केला की त्या किल्ल्या गेल्या, लॉकर परत पूर्ण बंद. माणूस गेल्यावर घरचे सगळ्यात पहिले काय करतात? सारखे फोन येतात म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवतात. कळतं मला, त्या दिवशी कोणाला सुचणार आहे. पण शक्य असेल तर बंद करू नका, फ्लाइट मोड टाका, चार्जरला लावून ठेवा आणि कोणालाही पॅटर्न ट्राय करू देऊ नका. त्यातही आता घड्याळ लागलंय, आयओएस १८.१ पासून आयफोन तीन दिवस अनलॉक झाला नाही तर स्वतःहून रिस्टार्ट होतो, आणि २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडलाही तसंच आणलं. मुद्देमालाच्या खोलीत सील होऊन महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या फोनांचं काय होत असेल याचा विचार करा.

हार्ड रिसेटबद्दल एक वाक्य सगळ्या दुकानदारांना हात जोडून. एन्क्रिप्ट केलेल्या फोनमध्ये रिसेट म्हणजे किल्लीच फेकून देणं. डेटा चिपवर तसाच पडलेला असतो कदाचित, पण आता तो ब्रह्मदेवालाही वाचता येत नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारा की आतलं हवंय का, आणि मगच बटणं दाबा.

आता का चांगलं झालं म्हणतो ते. आमच्याकडे असेही लोक येतात जे स्वतःचा नसलेला फोन घेऊन येतात. नवरा बायकोचा घेऊन येतो, आवाज खाली करून बोलतो, पैसे दुप्पट देतो म्हणतो. मी परत पाठवतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तर आहेच, पण कायदा नसता तरी केलं नसतं. आणि मी परत पाठवला म्हणून तो थांबतोच असं नाही, दुसरीकडे जातो. तिथे त्या बाईला वाचवतं ते फक्त तिच्या फोनमधलं सिक्युर एन्क्लेव्ह. जे भोक वहिनीला तिचे पैसे मिळवून देतं तेच भोक या माणसालाही आत सोडतं, भोकाला माणूस ओळखता येत नाही. म्हणून भोकं सापडली की ती जाहीर व्हावीत आणि बुजवली जावीत याच बाजूचा मी आहे, लॅबचा धंदा त्याने कमी झाला तरी.

दिंडोरीच्या फोनचं मी आधी कागद मागितले. मृत्यूचा दाखला, वहिनीचं आणि बाकी वारसांचं संमतीपत्र, कारण उद्या हे कोर्टात जाणार हे दिसत होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी आता कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावा लागतो, म्हणजे कॉपीचा डिजिटल अंगठा. मूळ उपकरण हजर न करता नुसती कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र नाही म्हणजे पुरावा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात ठणकावून सांगितलंय. इतक्या वकिलांकडे लोक नुसते स्क्रीनशॉट घेऊन जातात की बघून वाईट वाटतं.

फोन बूटरॉम मोडला घेतला, टूलने चिपच्याच मदतीने बँकेची बाजू उघडली, बत्तीस जीबीची कॉपी व्हायला दुपार गेली. हॅश घेतला, कागदावर लिहिला, भाऊंची सही घेतली. मग कॉपीवर काम. व्हॉट्सॲपचा डेटाबेस आला, व्हॉइस नोटचं फोल्डर आलं, तारखेवार लावून दिलं. भाऊंनी तिथेच बसून एक नोट ऐकली, गाडी भरल्यावर व्यापाऱ्याला पाठवलेली, क्विंटल आणि भाव सांगतानाचा धाकट्याचा आवाज. दुसरी लावू का विचारलं तर नको म्हणाले, वकिलाला द्या.

त्याच आठवड्यात इंदिरानगरच्या एक काकू आल्या होत्या, मुलीचा आयफोन घेऊन, मॉडेल नवीन, पिन कोणालाच माहीत नाही, आणि रुग्णालयातून आल्या दिवसापासून फोन बंद. त्यांना फक्त फोटो हवे होते. मी त्यांना नाही म्हणालो. खोटी आशा लावून पैसे घेणारे खूप आहेत, तसं करायचं नव्हतं. मुलीने लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्या मागे डेटा कोणाला मिळावा त्याचं नाव, लावून ठेवला असता, २०२१ च्या शेवटापासून ती सोय आहे, तर आयक्लाउडमधले फोटो तरी मिळाले असते. तो लावलेला नव्हता. तरी वारस म्हणून कागदपत्रं आणि कोर्टाचा आदेश घेऊन ॲपलकडे आयक्लाउडच्या डेटासाठी अर्ज करता येतो, तो कसा करायचा ते लिहून दिलं.

फोनबद्दल एवढंच सांगितलं की विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, कोणाला रिसेट करू देऊ नका. सहा महिन्यांतून एकदा अर्धा चार्ज करा आणि परत बंद करून ठेवा, बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच माझ्याकडे आणा. आयफोन ४एस २०११ चा, त्याच्या चिपमधलं भोक जगाला कळलं २०१९ ला. काकूंनी वहीत सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून घेतली, मीही माझ्या कॅलेंडरला लावलीये.